ब्युइकच्या पोटातलं फडकं

तौनो सालमेलाने आपल्या सख्ख्या बहिणीला फडक्याने मारलं, असं गावात बोललं जायचं.

बोललं जायचं म्हणजे काय, साइमा राउतिओ बोलायची आणि बाकीचे ऐकायचे. चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी ओतायला साइमा उभी असे, त्यामुळे गावातली कुठलीही गोष्ट तिच्या किटलीखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. नव्या पाद्र्याला तिने ही बातमी दुसऱ्या कपाबरोबर दिली. तो बिचारा मिनेसोटाहून नुकताच आलेला. त्याला वाटलं, गळाबिळा आवळला की काय. त्याने कप खाली ठेवला. मग साइमाने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा त्याच्याकडे सरकवत समजावलं, की तसं नव्हे हो, विसरलं त्याने फडकं. गाडीत. गाडीच्या पोटात.

"आणि त्याने बाई गेली?"

"आधी गाडी गेली," साइमा म्हणाली. "मग बाई गेली. घ्या ना, लोणी लावून घ्या."

आता तौनोला ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, माणूस कोट अडकवायच्या खुंटीसारखा होता. उंच, बारीक, आणि कोणीही येऊन काहीही अडकवून जावं असा. लग्न केलं नाही. तरुणपणी शाळेतल्या एका मास्तरणीबरोबर तो दोन उन्हाळे नाचला होता. ती डेट्रॉइटला गेली आणि तिथे तिने दुसऱ्या कुणाशी संसार मांडला. त्या नवऱ्याला पाना कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नाही, एवढंच तौनो त्या प्रकरणावर बोलला. बाकीचं गावाने स्वतःच्या पदरचं घातलं.

टेकडीखाली, तांब्याच्या खाणीचे घोडे पूर्वी जिथे बांधत तिथे, त्याचं गॅरेज होतं. खाण बंद पडली, घोडे त्याआधीच गेले होते, तौनो राहिला. हात त्याचा असा, की इंजिन उघडं टाकून तो कधी जेवायलासुद्धा उठत नसे. उठलाच तर प्रत्येक भोकात फडकं कोंबून उठायचा, नट आत पडू नये म्हणून. ही फडकी त्याची थोरली बहीण इम्पी त्याला शिवून द्यायची. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टांची, निळ्या चौकड्यांची, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली, म्हणजे दोरा सुटून इंजिनात जायला नको. गॅरेजातल्या फडक्याला कोण शिवण घालतं? पण इम्पी घालायची. तौनोही ती धुऊन दोरीवर वाळत घालायचा, आणि साइमा येताजाता म्हणायची, "काय तौनो, बाळंतपण आहे का घरात?"

इम्पीचा नवरा आर्वो कोतिला. मेव्हण्याच्या बरोब्बर उलट, आडवा आणि आवाजी. खाणीत पहार चालवायचा, पुढे रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा. पन्नास साली लग्न झालं आणि त्याच वर्षी या पठ्ठ्याने कोरी ब्युइक घेतली. त्या काळी आमच्याकडे ब्युइक म्हणजे खाणीच्या साहेबाची गाडी. फिनलंडहून आलेल्या मजुराच्या पोराने ती घ्यायची म्हणजे गावाला महिनाभराचा फराळच. सासऱ्याने तर विचारलं, "जावईबापू, बसायला पायताण काढून बसायचं का?" पण गाडी होती देखणी. निळी, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडर एका ओळीत बसलेले, आणि समोर ऑइलच्या प्रेशरची सूई, ऑइल इंजिनभर पोहोचतंय का ते दाखवणारी. आर्वोने लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत बायकोला सांगितलं, "मी रस्ता बघतो, तू सूई बघ." तेव्हापासून इम्पी सूई बघायची. चव्वेचाळीस वर्षं बघत होती.

आमच्या उत्तरेकडच्या मुलखात ऑक्टोबर संपता संपता बर्फ येतं आणि मे महिन्यापर्यंत चिवट पाहुण्यासारखं हलत नाही. म्हणून अशा गाड्या हिवाळाभर झोपवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उठवतात. उठवायचा सोहळाच असतो. ठिणगीची तार काढून ठेवायची, म्हणजे इंजिन पेटत नाही, नुसतं फिरतं. आणि सूई वर येईपर्यंत फिरवत राहायचं. गल्ली जमते. वेलदोड्याचा पाव कापून ठेवलेला असतो, पण कोणी हात लावत नाही. "सूई उठली!" असा पुकारा झाला की मगच कॉफी. आर्वोच्या अंगणात हा पुकारा दर वर्षी इम्पी करायची, आणि जुनं ऑइल काढून नवं घालणं तौनो करायचा.

ऑइलही ठरलेलं. साधं, जुन्या पद्धतीचं, खाणीतल्या पंपांना घालत तसलं. ते काही साफ करत नाही, काही उकरत नाही. मळ जिथे बसला तिथे बसू देतं. दुसरीकडचे लोक काही वर्षांनी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून गाळ धुऊन टाकतात. पण आमच्या गावाचा खाक्या वेगळा. जे चालतंय ते उघडायचं नाही. मोडलं तर उघडू, तोवर कशाला हात लावा? दाताला लावत नाहीत, चुलीला लावत नाहीत, नवराबायकोच्या भांडणाला तर लावतच नाहीत. तौनोही याच मातीतला. त्याने चव्वेचाळीस वर्षांत ब्युइकचं चेंबर एकदाही उतरवलं नव्हतं.

इम्पी विसरायला लागली ती नव्वद सालाच्या आसपास. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं. साइमाला ती "कोण हो आपण?" म्हणाली, तेव्हा साइमा आठवडाभर दुखावली होती, एवढं बोलूनही कोणी आपल्याला विसरू शकतं हे तिला पटेना. शेवटी शेवटी इम्पी आर्वोला घरातून जायला सांगायची. "माझा नवरा कामावरून येईल, त्याला आवडायचं नाही," म्हणायची. हा एवढा आडवा माणूस मागच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने येऊन म्हणायचा, "इम्पी, आलो गं कामावरून."

पण ब्युइकमध्ये बसली आणि गाडी चालू लागली, की ती जागी व्हायची. डॉक्टरांनी खांदे उडवले, पाद्र्याने देवाचं नाव घेतलं, तौनो म्हणाला, "आवाज ओळखत असेल." दर रविवारी प्रार्थना आटपली की आर्वो तिला सरोवरापर्यंत न्यायचा, आणि गाव सोडलं की शेजारच्या सीटवरून इम्पीचा टोमणा यायचा, "आर्वो, बर्फ ढकलतोयस का गाडी चालवतोयस?" तेवढा तासदीड तास त्याला त्याची बायको मिळायची. बाकीचा आठवडा तो त्या तासाच्या आधारावर काढायचा. म्हणून ती गाडी चालती राहणं म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी मे महिन्यात तौनो मार्क्वेटच्या इस्पितळात होता. खुब्याचं हाड बदललं होतं. आर्वोने त्याची वाट पाहिली नाही. गाडी स्वतःच उठवली. सूईही उठली, पुकाराही झाला, इम्पी मात्र खुर्चीत बसून पावाचे तुकडे करत राहिली.

जूनमधल्या एका रविवारी टेकडीचा चढ चढताना इम्पी बोलत होती. टेडीबद्दल बोलत होती. टेडी त्यांचा एकुलता मुलगा. चौसष्ट सालच्या मार्चमध्ये गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला. बर्फ किती जाड आहे ते आर्वोने स्वतः पहारीने बघितलं होतं आणि म्हणाला होता, "जा, धरेल." बर्फाने धरलं नाही, पोरगं बुडालं. त्यानंतर दोन वर्षं आर्वो कुणाशी बोलला नव्हता, आणि टेडीचं नाव त्या घरात तीस वर्षं कुणी काढलं नव्हतं. आणि आता ती सांगत होती, टेडीला दात येत होते तेव्हा तो तुझ्या खाणीतल्या टोपीची कड कशी चावायचा, आठवतं का? मधेच थांबून म्हणाली, "आर्वो, सूई झोपली बघ." आणि पुन्हा, "कड चावायचा, आणि तू ओरडायचास..."

आर्वोने सूई पाहिली. पार तळाला गेली होती. पाच वर्षांचं पोरसुद्धा सांगेल की अशा वेळी इंजिन बंद करायचं. पण इंजिन बंद झालं की ती बंद व्हायची. तो थांबला नाही. आतून कोणीतरी दार ठोठावत असावं तसा आवाज यायला लागला, तरी थांबला नाही. माथ्यावर इंजिनानेच जीव सोडला. इम्पीने त्याच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "मला घरी सोडाल का हो?"

सोमवारी ब्युइक तौनोच्या गॅरेजात होती. तौनो काठीवर, आर्वो त्याच्या मागे मागे.

"मेव्हण्या, वाचेल का रे?"

"दाजी, आधी नाडी तर बघू द्या. तुम्ही एकदम तेराव्यालाच पोहोचता."

पहिल्यांदा सूई. सूईचं म्हणणं एका फटक्यात मानायचं नाही, हा तौनोचा नियम. साइमाच्या बाबतीतही तो हाच नियम लावी. सूईकडे जाणारी बारीक नळी इंजिनापाशी सोडवून तिथे त्याने स्वतःचं मोठ्या तबकडीचं मीटर बसवलं. ठिणगीची तार काढली. "फिरवा." आर्वोने फिरवलं. मीटरचा काटा जरा थरथरला आणि बसला.

"सूई खरं बोलत होती," तौनो म्हणाला.

"ऑइल गळलं असेल?"

तौनोने ऑइल मोजायची पट्टी ओढली. पातळी बरोब्बर. मग त्याने पट्टी नाकाशी नेली. पेट्रोल मिसळलं असतं तर वास आला असता. नव्हता. एक थेंब अंगठ्यावर घेऊन चोळला. सहा आठवड्यांचं ऑइल, आणि डांबरासारखं काळं.

"दाजी, हे कुठलं घातलंत?"

"सगळ्यात भारी!" आर्वोची छाती फुगली. "तुला बघायला मार्क्वेटला आलो होतो ना, तेव्हाच आणलं. दुकानदार म्हणाला, आतून सगळं धुऊन काढतं. म्हटलं, आपण किती वर्षं तेच कळकट ऑइल पाजतोय. आता ही गाडी अजून दहा वर्षं चालली पाहिजे. तिच्यासाठी."

तौनो पट्टी पुसत राहिला. पट्टी केव्हाच स्वच्छ झाली होती.

जादा प्रेशर सोडून देणारी झडप त्याने काढून बघितली. स्प्रिंग शाबूत, बसायची जागा चकचकीत. आता चेंबर उतरवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"तुम्ही घरी जा, दाजी. ताई एकटी आहे."

"साइमा बसलीय तिच्यापाशी."

"मग तर लवकर जा."

आर्वो गेला. तौनो नव्या खुब्यानिशी गाडीखाली सरकला. एकेक बोल्ट काढला, चेंबर खाली घेतलं. पंप जिथून ऑइल ओढतो तिथे एक जाळी असते, तव्यापेक्षा लहान, ऑइलवर तरंगणारी. तिथे जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, थलथलीत थर बसला होता, दह्यासारखा. तौनोने अंगठा दाबला, अंगठा आत गेला. चव्वेचाळीस वर्षं तळाशी गुपचूप बसलेला गाळ त्या भारी ऑइलने सगळा सोडवला होता, आणि तो इथे येऊन अडकला होता. मागे पंप ठणठणीत. मग त्याने एक बेअरिंग सोडवून बघितली. वरचा मऊ धातू पुसून गेला होता, खालचं तांबं उघडं पडलं होतं.

म्हणजे हिशेब साधा होता. चढाच्या पायथ्याशी इंजिन बंद केलं असतं तर जाळी धुऊन गाडी एका दिवसात रस्त्यावर आली असती. आणि नवं ऑइल घातलंच नसतं तर तेवढंही करावं लागलं नसतं. दोन्ही गोष्टी आर्वोने केल्या होत्या, आणि दोन्ही तिच्यापायी केल्या होत्या.

तौनो पालथ्या खोक्यावर बसला. चेंबर मीही कधी धुतलं नाही, हेही त्याच्या मनात आलं. पण आर्वो तसा विचार करणार नव्हता, टेडीसारखाच हाही दोष तो एकट्याच्या माथी घेणार होता. आर्वो पुन्हा मागच्या पायरीवर जाऊन बसणार होता, आणि या वेळी तिथून उठून पुढच्या दाराने आत येणं त्याला जमणार नव्हतं. आणि इम्पीला तर भरवायला, धुवायला, फसवून झोपवायला माणूस लागत होता.

त्याने जाळी रॉकेलमध्ये बुडवून चकचकीत होईपर्यंत धुतली. चेंबर खरवडलं, पुसलं, पुन्हा पुसलं. मग दोरीवरचं निळ्या चौकड्यांचं एक फडकं ओढलं, चाकूने त्याच्या चिंध्या केल्या, त्या काळ्या ऑइलमध्ये मळल्या आणि चेंबरमध्ये ठेवल्या. खोटं करायची सवय नव्हती, म्हणून सुताराच्या निगुतीने केलं. एका चिंधीवर शिवण राहू दिली.

दुपारी आर्वो आला. हातात रुमालात गुंडाळलेली, मांस-बटाटा भरलेली करंजी. आमच्याकडे तिला पास्टी म्हणतात. आत आल्या आल्या म्हणाला, "तौन्या, खरं सांग. मी चढावर थांबलो नाही. ती टेडीचं बोलत होती रे. मी नाही थांबलो. त्यानेच गेली ना गाडी?"

"नाही."

"मग?"

तौनोने चेंबरकडे बोट केलं. "ऑक्टोबरात इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं होतं, पॅकिंग बदलायला. तेव्हा भोकात कोंबलेलं आत राहिलं. पंपाने ओढलं, जाळीत बसलं. तुम्ही खाली थांबला असतात तरी हेच झालं असतं."

आर्वो वाकला. ती शिवणीची चिंधी त्याने दोन बोटांत धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"तुझंच फडकं," तो म्हणाला.

"माझंच."

"म्हातारा झालास तौन्या."

"झालो खरा."

आर्वो दारापर्यंत गेला, परत आला, बाकावर ठेवलेली पास्टी उचलली आणि घेऊन गेला.

बेअरिंगा दक्षिणेकडून यायच्या होत्या. जुन्या गाडीच्या बेअरिंगा म्हणजे काय, कुणाच्या तरी कोठारात सापडायला हव्यात. जुलै गेला. तौनोने इम्पीला आपल्या ट्रकमधून सरोवरावर नेऊन पाहिलं. ती दाराच्या कडीला धरून रडली. उभ्या ब्युइकमध्ये बसवून पाहिलं, तिने दोघांकडे बघून विचारलं, "ही दोन माणसं कोण?" ऑगस्टमध्ये तिने खाणं सोडलं. मग छातीत कफ झाला, आणि गेली. त्या चढानंतर ती आर्वोला नावाने हाक मारून एकदाही बोलली नाही.

आमच्याकडे बहिणीच्या शवपेटीचा पुढचा उजवा दांडा भावाने धरायचा असतो. आर्वोने तिथे शेजाऱ्याच्या पुतण्याला उभं केलं. तौनो काठी टेकत पुढे आला, जागा भरलेली बघितली, आणि टोपी हातात घेऊन फाटकापाशी उभा राहिला. पेटी त्याच्या समोरून गेली. नंतर तळघरात, कॉफीच्या वेळी, आर्वो उठला आणि बर्फाच्या गाडीवरून ओरडायच्या आपल्या आवाजात म्हणाला, "एक फडकं विसरला नसता हा, तर माझी बायको या उन्हाळ्यात माझ्याशी बोलत असती." किटली ओतता ओतता साइमाचा हात थांबला. अख्ख्या तळघराने तौनोकडे बघितलं. तौनोने कपातली कॉफी संपवली, कप धुतला, उलटा ठेवला आणि गेला.

झालं. फडकं गावाच्या तोंडी लागलं ते लागलंच. कुणी म्हणालं प्यायलेला होता. तौनो प्यायचा नाही. कुणी म्हणालं, ब्युइक आपल्याला मिळावी म्हणून मनात धरून बसला होता. गाड्या दुसऱ्या गावी जायला लागल्या. जुने दोघेचौघे दयेपोटी येत, पण गाडी सोडताना म्हणत, "फडकी मोजलीस ना रे?"

"मोजली," तौनो म्हणायचा.

ब्युइक मात्र त्याने पुरी केली. बेअरिंगा आल्या, बसल्या. पहिलं बर्फ पडायच्या आत एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, तिची ठिणगीची तार काढून त्याने इंजिन फिरवलं. सूई उठली. पुकारायला कोणी नव्हतं. मग तार लावून त्याने गाडी आर्वोच्या अंगणात नेऊन ठेवली आणि चालत परत आला. आर्वोने तिच्यावर ताडपत्री टाकली. ती कधी काढली नाही.

शनिवारची वाफेची अंघोळ ते दोघं चाळीस वर्षं एकत्र करत. ती बंद झाली. रस्त्यात समोरासमोर आले की आर्वो पलीकडच्या कडेला जाई. मात्र दर शरद ऋतूत तौनोच्या दारात बर्चच्या झाडाची फोडलेली लाकडं रचलेली असत, हिवाळाभर पुरतील एवढी. पाद्री देत असेल, असं साइमाने ठरवून टाकलं. पाद्र्याला कुऱ्हाड धरता येत नव्हती, पण हा मुद्दा कुणी काढला नाही. आर्वो गेला त्या वर्षी लाकडं आली नाहीत.

आर्वोच्या अंत्यविधीला तौनो शेवटच्या बाकावर बसला होता. ब्युइक आर्वोच्या भाचीने विस्कॉन्सिनच्या एका माणसाला विकली. त्याने खानावळीत चौकशी केली, इंजिन कुणी उघडलं होतं का. त्यालाही लोकांनी फडक्याची गोष्ट सांगितली, पदरच्या दोन गोष्टी घालून.

पुढे तौनो वृद्धाश्रमात होता. साइमा त्याला भेटायला गेली. वाईट बाई नव्हती ती. पाव घेऊन गेली, त्याची उशी नीट केली, आणि मग राहवेना म्हणून विचारलंच.

"तौनो, आता तरी सांग रे. एवढा तू नेमका माणूस. विसरलास कसा?"

"विसरलो," तौनो म्हणाला. "पाव छान झालाय."

वसंतात तो गेला.

ब्युइकच्या इंजिनात फडकं नव्हतं. ऑक्टोबरात झाकण बसवण्याआधी ते आर्वोने स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं, त्याला हात पुसले होते आणि तौनोकडे फेकलं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.